आईच्या डोळ्यात ‘प्रथिनांचे साठे’: घाबरायचं किती आणि करायचं काय?

सांजवारा
आईचं वय ७१. चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून गेलो होतो. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, डोळ्याच्या पडद्याचा फोटो आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) काढली आणि निघताना हातात कागद आला: ‘दोन्ही डोळे, मध्यम आकाराचे ड्रुसेन, रंगद्रव्यात बदल नाही.’ डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे आहे, सहा महिन्यांनी दाखवा. पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

खरा घोळ घरी आल्यावर. आईनं मोबाइलवर शोधलं, ‘डोळ्यात साचलेली प्रथिनं आणि चरबी’ असं कुठेतरी वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणातली प्रथिनं बंद! वर म्हणते, आंधळी झाले तर तुला ओझं नको. मी ओरडले, मग दोघी रडलो.

तर प्रश्न: हे ड्रुसेन नक्की काय असतं? खाण्यापिण्यानं कमी-जास्त होतं का? आणि सहा महिने नुसतं बसून राहायचं?

बिनधास्त_बापू
मोतीबिंदूच असणार. ऑपरेशन करून टाका, वीस मिनिटांचं काम. माझे दोन्ही झालेत, आता बायकोच्या चेहऱ्यावरचा राग लांबूनच दिसतो.

सांजवारा
बापू, मोतीबिंदू नाही म्हणाले. तो वेगळा तपासला.

कोपरखळी
बापू, धागा न वाचता प्रतिसाद द्यायची परंपरा आपण नेटानं सांभाळली आहे. (दिवा घ्या.)

पडदानशीन
अनेक वर्षं पडद्याचीच ओपीडी करते आहे, त्यामुळे राहवलं नाही. बापूंची चूक समजण्यासारखी आहे, कारण ‘प्रथिनं साचणं’ दोन्हीकडे आहे. जागा मात्र वेगळ्या.

मोतीबिंदू पुढे, भिंगात होतो. भिंगाच्या आतल्या पेशी तयार होताना आपलं केंद्रक वगैरे सगळं टाकून देतात, त्यामुळे जुनं प्रथिन मोडून नवं बनवायची सोय तिथे उरत नाही. भिंगाच्या गाभ्यातली क्रिस्टलिन नावाची प्रथिनं जन्माआधीपासूनची असतात. सत्तरीत त्यांच्या गुठळ्या झाल्या तर नवल नाही. भिंग गढूळ झालं की काढून नवं बसवता येतं.

ड्रुसेन मागे, पडद्याखाली. पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपल्या टोकाकडचा भाग रोज झाडून टाकत असतात. त्यांच्या खाली रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एक थर असतो. तो हा केर गिळतो, पचवतो आणि उरलेलं त्याच्याखालच्या ब्रुकच्या पटलातून रक्तवाहिन्यांकडे जातं. वय वाढतं तसं हे पटल जाड होतं, त्यात चरबी मुरते. मोरीची जाळी तुंबली की पाणी वरच तुंबतं, तसा थर आणि पटल यांच्यामध्ये पिवळसर गाळ साचतो. तेच ड्रुसेन. ते वाढले तर वयाबरोबर पडद्याचा मधला भाग बिघडण्याचा आजार (एएमडी) होऊ शकतो. त्यात चरबी असते, विट्रोनेक्टिन, अपोलिपोप्रोटीन ई अशी प्रथिनं असतात, आणि प्रतिकारशक्तीच्या ‘कॉम्प्लिमेंट’ यंत्रणेची प्रथिनंही.

ही प्रथिनं शरीर स्वतः बनवतं. ताटातून उठून ती पडद्यावर जात नाहीत. आईंना आजच्या आज नीट जेवायला सांगा. त्या वयात प्रथिनं तोडली तर स्नायू झिजतील, तोल जाईल, पडतील. ड्रुसेनपेक्षा ते जास्त धोक्याचं.

कोपरखळी
पडद्याच्या डॉक्टर आणि आयडी पडदानशीन! इतकी वर्षं मी तुम्हाला शायर समजत होतो.

पडदानशीन
शायरीच करते. प्रिस्क्रिप्शनवर. म्हणून कुणाला वाचता येत नाही.

मुकुंदराव_निवृत्त
माहितीत थोडी भर. ड्रुसेन हा जर्मन शब्द, पोकळ दगडाच्या आत स्फटिक चमकतात त्या अर्थाचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डोंडर्स आणि म्युलर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं. तेव्हा अर्थातच मेलेल्या माणसाचे डोळे चिरून. आज आईचा डोळा उघडा असताना दोन मिनिटांत पडद्याचा उभा छेद दिसतो. ओसीटीचं तंत्र १९९१ चं. भूशास्त्र शिकवण्यात हयात गेली, डोळ्यातही दगडच निघाले.

तिरपी_रेघ
सांजवारा, तुमचे डॉक्टर ‘सहा महिन्यांनी या’ म्हणाले ते बरोबरच, पण एक गोष्ट सांगायची राहिली असं दिसतं. आमच्याकडेही राहिली होती, आणि ती महागात पडली.

बाबांना दोन्ही डोळ्यांत ड्रुसेन होते. तपासणीला वर्षातून एकदा जायचे. वाचन, शब्दकोडं, सगळं व्यवस्थित. एके दिवशी उजव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून त्यांनी तो चोळत नुसत्या डाव्यानं भिंतीकडे पाहिलं, तर घड्याळाचा मधला भाग नाहीच. कडेचे आकडे दिसतायत, काटे गायब. डावा डोळा कधीपासून असा होता ते त्यांना सांगता येईना. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सगळं भरून काढतो, मेंदू चुकूनही तक्रार करत नाही.

ड्रुसेनच्या जागी खालून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. त्याला या आजाराचा ‘ओला’ प्रकार म्हणतात. रक्त आणि पाणी झिरपून तिथे वण तयार झाला होता. इंजेक्शनं दिली, पण वण झालेल्या जागेची नजर आली नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘काही आठवडे आधी आला असता तर...’ आणि वाक्य सोडून दिलं. ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

म्हणून: आठवड्यातून एकदा, एका वेळी एक डोळा झाकून बघायला लावा. चौकटींचा तक्ता मिळतो, ॲम्सलर ग्रिड. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात वीस गुणिले वीस घरं, मध्ये ठिपका. वाचायचा चष्मा लावायचा, एक फुटावर धरायचा, ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. रेघ वाकडी झाली, घरं गायब झाली, मध्ये धुरकट डाग आला तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच आठवड्यात जायचं. तक्ता नसेल तर खिडकीचे गज, दाराची चौकट, फरशीच्या रेघा चालतात. माझा आयडी त्यातूनच आलाय.

पडदानशीन
तिरपी_रेघ यांच्या प्रतिसादाला हजारदा +१. त्यात एक पुरवणी: तक्ता ठीक आहे म्हणून तपासणी टाळू नका. तो काही फार संवेदनशील नाही, बारीक बदल त्यातून निसटतात. तक्ता तपासणीच्या मधल्या काळासाठी, तपासणीच्या ऐवजी नाही.

सांजवारा
तिरपी_रेघ, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. तक्ता आजच छापते. आम्हाला खरंच हे कुणी सांगितलं नव्हतं.

गोळीबार
सगळे मुद्द्याचं सोडून बोलतायत. यावर गोळ्या आहेत! मोठा सरकारी अभ्यास झालाय अमेरिकेत, सिद्ध झालेलं आहे. क, ई, जस्त, ल्युटीन. मी पन्नाशीपासून घेतोय, डोळे ठणठणीत. आईंना सुरू करा.

निमिष_नाही
गोळीबार, अभ्यास खरा, निष्कर्ष तुमचा. त्या अभ्यासाचं नाव एरेड्स, निकाल २००१ चा. ज्यांचा आजार मध्यम टप्प्यावर होता किंवा एका डोळ्यात पुढे गेला होता, त्यांच्यात पाच वर्षांत तो गंभीर होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला. चांगलाच फायदा. पण फक्त त्यांना. ज्यांना काहीच नाही किंवा सुरुवातीचा टप्पा आहे, त्यांच्यात गोळ्यांचा उपयोग दिसला नाही. तुमचे डोळे ठणठणीत आहेत कारण ते ठणठणीत आहेत.

शिवाय ही नेहमीची जीवनसत्त्वाची गोळी नव्हे. दिवसाला ८० मिलिग्रॅम जस्त त्यात होतं. जस्तानं तांबं शोषलं जात नाही म्हणून सोबत तांबं घालावं लागलं. जस्त घेणाऱ्यांत मूत्रमार्गाच्या तक्रारीही जास्त होत्या.

गोळीबार
पण आईंच्या रिपोर्टमध्ये ‘मध्यम’ असं स्पष्ट लिहिलंय! म्हणजे मध्यम टप्पा. तुम्हीच तुमच्या जाळ्यात सापडलात.

निमिष_नाही
मुद्दा चांगला आहे. मला वाटतं ‘मध्यम आकाराचे ड्रुसेन’ आणि ‘मध्यम टप्पा’ या दोन गोष्टी आहेत. पडदानशीन, निवाडा करा.

पडदानशीन
निमिष बरोबर. गोळीबार, तुमच्यासारखे गोंधळणारे रोज दहा येतात, आणि त्यात दोष आमच्या शब्दांचा आहे.

आकार मोजायचा तो असा: ६३ मायक्रॉनपेक्षा लहान ते बारीक, ६३ ते १२५ मध्यम, १२५ च्या वर मोठे. १२५ म्हणजे दृष्टीमज्जेच्या चकतीच्या कडेशी पडद्यातली मुख्य शीर जेवढी जाड दिसते तेवढं. आम्ही फोटोत त्याच्याशीच ताडून बघतो. नुसते बारीक असतील तर त्याला आजारही म्हणत नाही, ते केस पिकण्यासारखं. मध्यम आकाराचे असतील आणि रंगद्रव्यात बदल नसेल तर टप्पा सुरुवातीचा. मोठे ड्रुसेन किंवा रंगद्रव्यात बदल दिसले की टप्पा मध्यम. आकार मध्यम, टप्पा सुरुवातीचा. झाला घोळ.

एरेड्सवाल्यांनीच पुढे २००५ मध्ये गुण मोजायची सोपी पद्धत दिली. प्रत्येक डोळ्याला मोठ्या ड्रुसेनचा एक गुण, रंगद्रव्याच्या बदलाचा एक. मोठे कुठेच नसतील पण दोन्ही डोळ्यांत मध्यम असतील तर मिळून एक. शून्य ते चार. पाच वर्षांत गंभीर होण्याची शक्यता अंदाजे ०.५, ३, १२, २५ आणि ५० टक्के.

सांजवारा, तुम्ही कागदावरचं जसं लिहिलंय तसंच असेल तर आईंचा गुण एक, शक्यता सुमारे तीन टक्के. शंभरातल्या सत्त्याण्णव आया पाच वर्षांनीही मोबाइलवर नको ते वाचू शकतील. पण मी फोटो पाहिलेला नाही, तुमच्या डॉक्टरांना हे विचारा.

सांजवारा
ती शेवटून दुसरी ओळ आईला मोठ्यानं वाचून दाखवली. आधी हसली, मग म्हणाली, ‘बाई आगाऊ दिसते, पण हुशार आहे.’

गोळीबार
ठीक आहे, टप्प्याचं मान्य. पण माझ्या गोळ्यांनी तोटा तर नाही ना?

पडदानशीन
सिगारेट ओढता?

गोळीबार
हा काय प्रश्न झाला. सोडली. तीन वर्षं झाली.

पडदानशीन
मग डबीवर बीटा कॅरोटिन लिहिलंय का ते बघा. जुन्या मिश्रणात ते होतं, आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्यानं फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासात त्याच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन घालून पाहिलं. काम तितकंच चांगलं झालं. सोडलेल्यांनीही बीटा कॅरोटिनच्या वाटेला जाऊ नये. त्याच अभ्यासात ओमेगा-३ च्या गोळ्यांचा जादा फायदा मात्र दिसला नाही.

आणि सिगारेट सोडलीत हे या सगळ्या डब्यांपेक्षा मोठं काम केलंत. आपल्या हातातल्या कारणांमध्ये तेच पहिलं.

गोळीबार
डबीवर आहे. आत्ताच पाहिलं. कचऱ्यात टाकतो. धन्यवाद, मनापासून.

बिनधास्त_बापू
गोळीबारांनी चूक कबूल केली! या संस्थळाच्या इतिहासात प्रथमच. वाचनखूण साठवली.

कस्तुरी
माझ्या मनातला प्रश्न विचारू की नको, असं चाललंय. ड्रुसेनमध्ये अमायलॉइड बीटा सापडतं, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं तेही तेच, असं वाचलं. सासूबाईंना ड्रुसेन आहेत. म्हणजे...?

पडदानशीन
म्हणजे काही नाही. ड्रुसेनमध्ये अमायलॉइड बीटा सापडलंय हे खरं, आणि त्यावर संशोधनही होतंय. पण ड्रुसेन आहेत म्हणून अल्झायमर आहे किंवा होणारच, असं निदान त्यावरून करत नाहीत. हे दोन वेगळे आजार. सासूबाई चष्मा कुठे ठेवला ते विसरतात, तर ते आपण सगळेच विसरतो.

कस्तुरी
त्या काहीच विसरत नाहीत हो, तीच तर अडचण आहे.

रानफूल
थोडं अवांतर, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझ्या आत्याची मधली नजर दोन्ही डोळ्यांची गेली, ‘कोरड्या’ प्रकारानं. पडद्याच्या पेशीच हळूहळू विरत गेल्या. दोनेक वर्षांनी ती गप्प गप्प राहायला लागली. घरच्यांना वाटलं, नजरेचं दुःख. खूप खोदून विचारल्यावर एकदा माझा हात घट्ट धरून कुजबुजली, ‘समोर बायका बसतात गं. टोप्या घातलेल्या, एवढ्या-एवढ्याशा. बोलत नाहीत. त्या नाहीत हे मला कळतं. पण दिसतात.’ आपल्याला वेड लागतंय आणि कळलं तर घरातले कुठेतरी नेऊन ठेवतील, या भीतीनं तिनं ते आठ महिने पोटात ठेवलं होतं.

डॉक्टरांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, याला नाव आहे, चार्ल्स बॉने सिंड्रोम. बॉने हा जिनिव्हाचा निसर्गअभ्यासक. त्यानं १७६० मध्ये स्वतःच्या आजोबांबद्दल लिहिलं, त्यांनाही नजर अधू झाल्यावर माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. डोळ्याकडून चित्रं येणं कमी झालं की मेंदू आपल्याच पदरची दाखवतो. वेडाशी संबंध नाही. आवाज येत नाही, आणि माणसाला हे खरं नाही हे कळत असतं.

नाव कळल्यावर आत्या पाच मिनिटं नुसती बसून राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे त्या आजोबांना पण?’ बायका अजून येतात. आता ती त्यांना नावं ठेवते, म्हणजे दोन्ही अर्थानं.

तिरपी_रेघ
रानफूल, हे वाचून मी बाबांना आत्ता फोन लावला. ‘तुम्हाला कधी काही...’ म्हणेपर्यंत तेच म्हणाले, ‘हिरव्या जाळीचं म्हणतेस ना? ती येते मधूनमधून.’ चार वर्षं. चार वर्षं बोलले नाहीत!

मुकुंदराव_निवृत्त
हे तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी आपणहून विचारायला हवं. म्हातारी माणसं सांगत नाहीत.

पडदानशीन
मान्य. मी विचारते, पण घाईच्या दिवशी राहून जातं. उद्यापासून नाही राहणार.

नवखा_वाचक
डोळ्यात इंजेक्शन म्हणजे खरोखर डोळ्यात? जागेपणी? मामांना परवा द्यायचंय, ते पळून जायच्या तयारीत आहेत.

तिरपी_रेघ
खरोखर डोळ्यात. पण बाबा म्हणतात, दात काढण्यापेक्षा सोपं. बधिर करायचे थेंब आधी घालतात. निर्जंतुकीकरणाचं तपकिरी औषध चुरचुरतं, तक्रार असते ती बहुतेक त्याचीच. सुई पांढऱ्या भागातून जाते, बुबुळातून नाही, आणि समोरून येताना दिसत नाही. औषध थेंबभर, ०.०५ मिली. नंतर एक-दोन दिवस काळे बुडबुडे तरंगल्यासारखे दिसू शकतात. मात्र दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर रात्र असली तरी फोन करायचा.

आणि एका इंजेक्शनवर भागत नाही. सुरुवातीला महिन्याला एक, मग ओसीटी बघून अंतर वाढवत नेतात. मामांना हे आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या वेळी खरंच पळतील.

निमिष_नाही
२००६ च्या आधी ओल्या प्रकारात नजर वाचवायला फारसं काही हाती नव्हतं, मग रॅनिबिझुमॅब हे इंजेक्शन आलं. कर्करोगासाठी बनवलेलं बेव्हासिझुमॅब डोळ्यात वापरलं तर तेही जवळपास तितकंच काम करतं, हे २०११ मध्ये दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासात दिसलं. कुठलं द्यायचं हे डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला, यात संकोच नको.

रानफूल
कोरड्यासाठी काही आलंय का? आत्याला उशीर झालाय, पण विचारते.

पडदानशीन
अमेरिकेत २०२३ मध्ये दोन औषधं मंजूर झाली, पेगसिटाकोप्लान आणि ॲव्हासिनकॅप्टॅड पेगॉल. दोन्ही डोळ्यात इंजेक्शननं, दोन्ही त्या कॉम्प्लिमेंट यंत्रणेला आवर घालणारी. विरलेला भाग पसरण्याचा वेग ती कमी करतात. गेलेलं परत आणत नाहीत, आणि औषध घेताना ओला प्रकार सुरू होण्याचा धोका थोडा वाढतो. पेगसिटाकोप्लान युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये नाकारलं; त्यांचं म्हणणं, डाग हळू वाढतो हे दिसतं, पण रुग्णाला रोजच्या जगण्यात फरक कुठे पडतो?

निमिष_नाही
मला युरोपचं पटतं.

पडदानशीन
मला अर्धं पटतं. डाग मधोमध पोचायला वर्षभर जास्त लागलं तर ते वर्ष कुणाचं असतं, तेही बघायला हवं. यावर आपण दोघं वेगळ्या धाग्यात भांडू.

आत्यांना मात्र आजही करण्यासारखं आहे. कडेची नजर शाबूत असते, या आजारानं पूर्ण अंधार होत नाही. थोडं तिरकं बघून पडद्याचा चांगला भाग वापरायला शिकवतात, भिंगं असतात, वाचून दाखवणारी ॲप आहेत. प्रकाश भरपूर, आणि पायऱ्यांच्या कडेला ठळक पट्टी. लो व्हिजनचा (अधू नजरेसाठीचा) विभाग शोधा.

बिनधास्त_बापू
ड्रुसेन आणि मोतीबिंदू दोन्ही विरघळवणारे थेंब म्हणून एक जाहिरात सारखी समोर येते. खरं काय?

पडदानशीन
ज्या डोळ्यांनी ती जाहिरात वाचलीत त्यात ते घालू नका. दोन्हीपैकी काहीही विरघळवणारे सिद्ध झालेले थेंब आज नाहीत.

सांजवारा
धागा वर आणते आहे, सात महिन्यांनी. परवा आईची तपासणी झाली. ड्रुसेन तसेच, आकार तोच, गुण तोच. डॉक्टरांना गुणांबद्दल विचारलं तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि मग खुर्ची ओढून पंधरा मिनिटं समजावलं. गोळ्या नकोत म्हणाले. हिरव्या पालेभाज्या, रक्तदाब ताब्यात, उन्हात टोपी. उन्हातून घरात आल्यावर आईला नीट दिसायला वेळ लागतो, तेही याच्याशी जोडलेलं असू शकतं म्हणाले, ते मला नवीन होतं. जेवण पूर्ववत आहे.

तक्ता फ्रीजवर चिकटवलाय. दर रविवारी कार्यक्रम. मागच्या महिन्यात आईनं न्हाणीघरातून हाक मारली, ‘फरशीची रेघ वाकडी दिसतेय!’ मी ओल्या पायांनी धावले. तिला एक डोळा झाकायला लावला, वाकडी. दुसरा झाकला, वाकडी. मग मी खाली बसून माझा एक डोळा झाकून बघितलं. वाकडी. इतकी वर्षं राहतोय, लावणाऱ्यानं फरशीच वाकडी लावलीय.

कोपरखळी
वयाप्रमाणे आहे. सहा महिन्यांनी गवंड्याला दाखवा.